चोपन्न किलो जास्त

१

गाडी काट्यावर घेण्याआधी मामा तिच्या चारही दारांशी जाऊन "उतरा" म्हणायचे.

गाडीत कोणी नसायचं. तरी मामा आधी पुढचं डावं दार उघडायचे, "उतरा" म्हणायचे, एका माणसाला पाय खाली टाकून, कपडे सारखे करून बाजूला व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढं थांबायचे आणि दार लावायचे. मग मागचं डावं. मग वळसा घालून उजवी दोन. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या भाचीनं एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं: सव्वा मिनिट. दिवसाला तीन गाड्या धरल्या तर तिचे सख्खे मामा वर्षाचे जवळजवळ एकोणीस तास रिकाम्या सीटांशी बोलण्यात घालवत होते.

"कोणाला सांगता उतरायला?" तिनं पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"जो बसला असेल त्याला."

"आणि कोणी बसलंच नसेल तर?"

"तर कोणी उतरणार नाही. आपलं काय जातंय?"

हे 'आपलं काय जातंय' ऐकलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. मोठ्या माणसांनी एक गोष्ट धरली की सोडायची नाही, आणि कारण विचारलं की हे उत्तर. खरं कारण तिला हॉलमधल्या जुन्या मिस्त्रींनी सांगितलं. वीस वर्षांपूर्वी एका गाडीच्या मागच्या सीटवर ड्रायव्हर झोपला होता. गाडी त्याच्यासकट तोलली गेली आणि अहवाल चुकला.

"मग आत डोकावून बघायचं ना! उतरा काय उतरा?"

"मामा बघतातही, ताई," मिस्त्री म्हणाले होते. "बघून मग म्हणतात."

मामांचा धंदा गाड्या तपासण्याचा. साध्या गाड्या नाहीत. ज्यांच्या दारात आधीच पाच उभ्या असतात ते सहावी घेण्याआधी मामांकडे पाठवायचे. या लोकांना गाडी चालते का हे जाणून घ्यायचंच नसतं. मागच्या ट्रेवर ठेवलेल्या कपातला चहा हिंदकळतो का, मागे बोललेलं ड्रायव्हरला ऐकू जातं का, दार लावताना आवाज 'ठप्' येतो की 'थाप', असे एकूण एकशे बारा मुद्दे. पहिला मुद्दा मामांनी स्वतः घातलेला: 'गाडी रिकामी: होय / नाही.'

हॉल पांढराशुभ्र, बिनखिडक्यांचा, एका बाजूला रुंद शटर. जमिनीत चार पोलादी पाट बसवलेले, प्रत्येक चाकाखाली एक, आणि भिंतीवर आकड्यांचा फलक. तो काटा ती सांभाळायची, म्हणून हॉलमध्ये तिचं नावही काटाच पडलं होतं. "दोन्ही अर्थांनी," असं मिस्त्री म्हणायचे, आणि ती टोचून उत्तर द्यायची, म्हणजे त्यांचं म्हणणं सिद्ध व्हायचं.

त्या सोमवारी मामा नव्हते. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. जाताना म्हणाले, "आज येणारी गाडी तुझी. सही एकटीची. अहवाल टिकला तर पुढच्या महिन्यापासून शिक्का तुझ्या ड्रॉवरमध्ये."

दोन वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. चालवून घेणाऱ्यांच्या या जगात एक सही अशी असेल जिच्याखाली खोटा आकडा नसेल, असं तिनं केव्हाच ठरवून टाकलं होतं.

२

गाडी अकराला आली. दलालानं स्वतः आणली.

ओल्या पाटीच्या रंगाची एसयूव्ही, एवढी मोठी की शटरमधून आत येताना हॉलच लहान झाल्यासारखा वाटला. आत अक्रोडाचं लाकूड, लोकरीचे गालिचे, मागे बाकाऐवजी दोन रुंद खुर्च्या, सहसा राजघराण्यांच्या फोटोत दिसतात तशा. एकच मालक, सात हजार किलोमीटर. ओरखडा म्हणून नाही.

"शुक्रवारी घेणाऱ्या बाईसाहेबांच्या दारात उभी राहायला हवी," दलाल म्हणाला. "मामांनी बघितली असती तर तासाभरात सोडली असती."

"मामांचे डोळे आज बांधलेत. माझे उघडे आहेत."

"हो, दिसतंय." तो हसला. "मालक का विकतायत विचारा ना. सगळे विचारतात."

"का विकतायत?"

"कंटाळा. दुसरं काय असणार या लोकांना?"

उत्तर फार पटकन आलं. तिनं मनातल्या मनात एक फुली मारली.

तो गेल्यावर तिनं शटर खाली घेतलं. काट्याच्या वेळी हॉल बंद हवा आणि तापमान बावीस हवं. वाऱ्याची एक झुळूक आली तरी आकडा हलतो. गाडी पाटांवर उभी केली, चारही सीटांवर नजर टाकली, पडद्यावर पाहिलं. या गाडीत प्रत्येक सीटखाली सेन्सर होता. पडदा सांगत होता: पुढे रिकामी, पुढे रिकामी, मागे रिकामी, मागे रिकामी.

मिस्त्री दाराशी घुटमळत होते. "ताई, ते…"

"मिस्त्री, यंत्र सांगतंय रिकामी आहे. मी बघतेय रिकामी आहे. आता काय आमंत्रण छापू?"

मिस्त्रींनी हात वर केले आणि बाजूला झाले.

पुस्तकाप्रमाणे वजन दोन हजार सातशे दहा. फलकावर आलं दोन हजार सातशे चौसष्ट.

३

चोपन्न किलो.

पहिला संशय दलालावर. चोपन्न किलो म्हणजे अपघातानंतर आतून ठोकलेला पत्रा असू शकतो. पोकळ भागांत साचलेलं पाणी असू शकतं. या लोकांचं काही सांगता येत नाही, लपवलेलं काहीही असू शकतं. तिनं गाडी खाली घेतली, काटा शून्यावर आणला, पुन्हा वर घेतली. दोन हजार सातशे चौसष्ट. टाकी मोजली, पुस्तकात म्हटल्याएवढीच भरलेली. डिकी रिकामी.

मग दोघांनी गाडी उकलली. गालिचे काढले. तारेच्या टोकाला बसवलेला कॅमेरा दारांच्या पोटात, उंबऱ्यांच्या पोकळीत घातला. पडद्यावर स्वच्छ, कोरडा, कारखान्यातून आलेला पत्रा दिसत होता. एकही डाग दिलेला सांधा नाही.

"ताई, पाटांचे आकडे वेगवेगळे बघितलेत?" मिस्त्रींनी विचारलं.

तिनं ते बघितले होते. बघून बाजूला ठेवले होते. उजवीकडची दोन्ही चाकं पुस्तकाबरहुकूम. डाव्या मागच्या चाकावर एकेचाळीस किलो जास्त, डाव्या पुढच्यावर तेरा. कुठल्याही पत्र्याचं वजन असं पडत नाही, साचलेल्या पाण्याचं तर नाहीच. तिनं माणसं बसवून शेकडो गाड्या तोलल्या होत्या. मागच्या डाव्या सीटवर एक माणूस बसला की वजन असंच वाटलं जातं.

"सेन्सर काय म्हणतोय?" ती म्हणाली.

"रिकामी."

"मग झालं तर."

"झालं," मिस्त्री म्हणाले, पण त्या दाराकडे पाठ करून उभे राहिले नाहीत.

मागच्या डाव्या सीटच्या चामड्यावर एक खळगा होता. तिनं तळहातानं तो सारखा केला. हे चामडं असं की हात फिरवला की सुरकुती जाते. मग तिला पुढचं दिसलं. पुढच्या डाव्या सीटलाही, ड्रायव्हरच्या शेजारी, तसाच जुना, रुळलेला खळगा होता. अशा गाडीत पुढे कोण बसतं? मालक मागे बसतो. मागे बसता यावं म्हणून तर ही गाडी घेतात. तिसरी सीट, मागची उजवी, कोरी होती.

सर्व्हिसच्या वहीत जुन्या ड्रायव्हरचा नंबर होता. तिनं फोन लावला. कोणी उचलला नाही. 'गाडीबद्दल एक विचारायचं आहे' असा निरोप ठेवला.

मागे वळली तर खळगा परत आला होता.

चामडं आहे, ती स्वतःला म्हणाली. चामड्याला सवय असते.

तेवढ्यात आईचा फोन. "साडेपाचला येशील ना गं न्यायला?"

आईचं कपडे दुरुस्तीचं छोटं दुकान होतं आणि रोज घरी न्यायचं काम हिचं. "येते. पण पुढे बसणार असलीस तर. मी काय तुझी ड्रायव्हर आहे?"

"पुढचा पट्टा खांद्याला रुततो, माहितीये ना तुला. हाड मोडलेलं माझं, तुझं नाही." मग आई दुकानात आलेल्या कोणालातरी म्हणाली, "बसा, बसा, उठू नका." आई सगळ्यांना बसा म्हणायची. नळ दुरुस्त करणाऱ्याला, पार्सल देणाऱ्याला, चुकून बेल वाजवणाऱ्याला. एकदा ही चिडून म्हणाली होती, तू उद्या रिकाम्या खुर्चीलाही बसा म्हणशील.

४

अडीचला रस्त्यावरची चाचणी.

मिस्त्री चालवणार आणि ती मालकाच्या जागी, मागे डावीकडे बसणार. मुद्दा एक्काहत्तर ते नव्वद: मागच्या प्रवाशाचं सुख. तिनं ट्रेवर पाणसळ ठेवली, कप ठेवला, आवाज मोजायचं यंत्र ठेवलं, आणि बसली.

गाडी हवेच्या उशांवर उभी होती. कोणी बसलं की एक कोपरा किंचित दबतो, उशी श्वास सोडल्यासारखा आवाज करते आणि गाडी पुन्हा समतल होते. ती बसली. आता डावी बाजू दबणार आणि पाणसळीतला बुडबुडा उजवीकडे सरकणार.

बुडबुडा डावीकडे सरकला.

दबली होती ती उजवी बाजू. तिच्याखालून काहीतरी हललं, गाडीतून एक मऊ कंप गेला, शेजारच्या सीटखालची उशी हळूच उसासली. कोणी सरकून घेऊन जागा करून द्यावी, तसं.

"मिस्त्री, गाडी हलवलीत?"

"सुरूच केली नाहीये अजून, ताई."

ती शेजारच्या कोऱ्या सीटकडे बघत राहिली. तिथे दिवसाचा स्वच्छ उजेड पडला होता. शिवणीचा प्रत्येक टाका दिसत होता. काहीही नव्हतं. काही नसण्याचा एवढा बारकाईनं अभ्यास तिनं आजवर कधी केला नव्हता.

"चला," ती म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

मोठ्या रस्त्यानं पुलापर्यंत, मग पुलापलीकडच्या मोकळ्या जागेत. तिथे मुद्दा अठ्ठ्याऐंशी: शांतता. इंजिन बंद, दारं बंद, नव्वद सेकंद, डोळे मिटून. मामांनी शिकवलं होतं की यंत्र आवाज मोजतं, शांतता कानालाच कळते. शंभरदा तिनं ती चाचणी केली होती आणि दर वेळी थोड्या वेळानं स्वतःचं रक्त ऐकू यायचं, इतपत आतला आवाज बंद असायचा.

तिनं डोळे मिटले. तीस सेकंद काही नाही. पन्नास. मग तिच्या लक्षात आलं की आपण रक्त ऐकत नाही आहोत. ही शांतता त्या जातीची नव्हती. एका खोलीत दोन माणसं असतात आणि दुसऱ्यानं बोलायचं नाही असं ठरवलेलं असतं, तेव्हा जी शांतता असते ती ही होती.

त्रेसष्टाव्या सेकंदाला तिनं डोळे उघडले. मिस्त्री आरशातून बघत होते. तिच्याकडे नाही. तिच्या बाजूला.

"काय दिसलं?"

"काही नाही," मिस्त्री म्हणाले. "म्हणून तर बघतोय."

५

साडेतीनला मामांचा फोन आला. दवाखान्यातून, डोळ्यांवर पट्टी असताना.

"उतरा म्हटलंस का?"

ना विचारपूस, ना काही. तिला वाटलं मिस्त्रींनी चहाडी केली. मिस्त्रींनी दुरूनच मान हलवून नाही म्हटलं.

"मामा, वजन चोपन्न किलो जास्त येतंय. मी सगळं शोधलंय."

"कुठल्या कोपऱ्यात?"

"मागे डावीकडे."

"हं." मामा मोठ्यानं श्वास घेत होते. "आधी शटर वर कर. पूर्ण वर. मग चारही दारांशी जाऊन म्हण. आणि घाई करू नकोस. उतरायला वेळ द्यायचा."

"कोणाला? मामा, तुम्ही आज तरी सरळ सांगणार आहात का? मी ऐकलंय, त्या जुन्या गाडीत मागे ड्रायव्हर झोपला होता. मग हे शटर कशाला?"

"वारा खेळू दे जरा."

"वाऱ्यानं काटा हलतो, हे तुम्हीच शिकवलंत!"

"शिकवलं. तरी वर कर. आपलं काय जा…"

तिनं फोन ठेवला. पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिनं या वाक्याला एवढी उत्तरं मनातल्या मनात दिली होती की आता तोंडानं द्यायचं एकही उरलं नव्हतं. ठीक आहे. म्हणू उतरा. म्हणून दाखवू, आकडा तोच येईल, मग मामांना सांगता येईल. पण शटर उघडं टाकून केलेलं वजन नियमात बसत नाही, आणि सही तिची होती. शटर खालीच राहिलं.

मोठी गाडी तिनं पुन्हा पाटांवर घेतली. तिची स्वतःची छोटी गाडी हॉलच्या कोपऱ्यात उभी होती. हत्यारांची पिशवी आत टाकायला मागचं दार उघडलं होतं, ते तसंच होतं.

"मिस्त्री, फलकाकडे बघा. आकडा मोठ्यानं सांगा."

पुढचं डावं दार. "उतरा." थांबली. लावलं.

मागचं डावं दार तिनं नाटकीपणानं सताड उघडलं, बसमधल्या कंडक्टरसारखा हात बाहेर केला. "उतरा साहेब, शेवटचा थांबा!"

तिला वाटलं, मिस्त्री हसतील. मिस्त्री आकडे सांगू लागले.

"एकेचाळीस जास्त," ते म्हणाले. "त्रेचाळीस… सत्तेचाळीस."

माणूस उतरताना आकडा आधी वाढतो. उठायला तो खाली जोर देतो म्हणून. हे तिला माहीत होतं. मिस्त्रींनाही.

"तीस," मिस्त्री म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "बावीस."

एक पाय बाहेर.

"काही नाही. पुस्तकाबरहुकूम."

मागचा कोपरा उसासून वर आला आणि गाडी समतल झाली. ती दार धरून उभी होती. दाराच्या आणि तिच्या मध्ये एका माणसापुरती जागा होती, आणि का ते कळायच्या आत ती अंग चोरून मागे सरली, वाट द्यावी तशी.

उजव्या दोन दारांशी ती गेली, तेव्हा 'उतरा' साधंच म्हटलं.

फलकावर दोन हजार सातशे दहा.

"पाट अडकला असेल," ती म्हणाली.

"असेल." मिस्त्रींनी हात धुतले, बराच वेळ धुतले. "ताई, मी निघतो आज. डोकं जड झालंय."

६

अहवालावर पहिला मुद्दा. गाडी रिकामी: होय / नाही.

सकाळचा आकडा एका वेगळ्या कागदावर होता. दोन हजार सातशे चौसष्ट, वेळ अकरा वाजून चाळीस मिनिटं, तिच्याच अक्षरात. तो अहवालाला जोडायचा झाला तर खाली कारण लिहावं लागणार. कारण म्हणून काय लिहिणार? एक गृहस्थ बसले होते, विनंती केल्यावर उतरले? दलाल ते वाचून गावभर दाखवेल. शिक्का जाईल, सही जाईल, आणि मामा काय म्हणतील? काही म्हणणार नाहीत, तेच वाईट.

आता तर गाडी रिकामी आहे ना? आहे. मग?

चालतंय, असं एक वाक्य तिच्या डोक्यात आलं. ती दचकली. ते वाक्य तिचं नव्हतं. ते त्या सगळ्या मोठ्या माणसांचं होतं ज्यांच्यावर ती जन्मभर फणफणत आली होती. पण आलं होतं तिच्याच आवाजात.

तिनं 'होय'वर खूण केली. सही केली. सकाळचा कागद चार तुकडे करून टोपलीत टाकला.

सव्वाचारला दलाल येऊन गाडी घेऊन गेला. "बघा, मामांपेक्षा तुम्ही बऱ्या," म्हणाला. "ते फार वेळ लावतात."

हॉल मोकळा झाला. ती आवराआवर करत होती तेव्हा फोन वाजला. जुना ड्रायव्हर.

"निरोप मिळाला, बाई. काय विचारायचं होतं?"

"काही नाही आता. एवढंच, की पुढची डावी सीट फार वापरलेली दिसली."

"मालक पुढेच बसायचे. माझ्या शेजारी."

"एवढी मागची सीट असताना?"

"मागे जागा नसायची ना."

"मागे दोन सीटा आहेत."

"हो," तो शांतपणे म्हणाला. "मालकांच्या सौभाग्यवती एकदा मागे बसल्या होत्या. त्यांना सरकून जागा दिली होती. परत नाही बसल्या त्या."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "कोणी दिली जागा?"

"आम्ही विचारलं नाही, बाई. एक ताकीद होती तेवढी पाळली. घराच्या आवारात 'उतरा' म्हणायचं नाही. बाहेर कुठेही म्हटलं तर फार तर तिथल्यातिथे उतरणं होईल. घरी म्हटलं तर घरातच. घरी नुसतं 'आलं' म्हणायचं आणि आपण आपलं उतरायचं." मग त्यानं विचारलं, "गाडी आता कुठे आहे?"

"गेली. रिकामी गेली."

"रिकामी?" तो म्हणाला. "बरं."

७

तिच्या गाडीचं मागचं दार लावलेलं होतं. मिस्त्रींनी लावलं असणार. जाता जाता लावलं असणार. डोकं जड असलं तरी माणूस दार लावू शकतो.

बाहेर पडायची वाट पाटांवरूनच होती, त्यामुळे रोज संध्याकाळी तिची गाडी आपोआप तोलली जायची. गाडी नऊशे चाळीस, ती अठ्ठावन्न, पिशवी बारा. एक हजार दहा. सकाळ-संध्याकाळ तोच आकडा, तिची हजेरीच ती.

फलकावर एक हजार चौसष्ट आलं आणि विझलं.

तिनं ब्रेक दाबला. मागे वळून पाहिलं. पिशवी होती. पिशवी सीटच्या मध्यात ठेवली होती, ती आता उजव्या दाराला चिकटून होती.

काटा बिघडलाय. दोन वर्षांत पहिल्यांदाच, काटा बिघडलेला असावा असं तिला मनापासून वाटलं. म्हणजे मग सकाळचाही आकडा चुकलेला. म्हणजे मग सगळं नीट बसतं. हा विचार तिनं आईच्या दुकानापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवला आणि आरसा छताकडे वळवून टाकला.

आई फूटपाथवर उभी होती. शिवणाची पिशवी, खांद्यावर शाल. रोजच्यासारखी मागच्या डाव्या दाराशी आली, रोजच्यासारखं दार उघडलं.

आणि थांबली.

"अगोबाई," आई म्हणाली. मग घाईघाईनं, "नाही, नाही, बसा तुम्ही. बसा बसा, उठू नका."

दार हळूच लागलं. आई पुढे येऊन बसली. खांद्याला रुतणारा पट्टा तिनं कुरकूर न करता ओढून लावला.

"आई, आज पुढे?"

"मागे जागा कुठाय?"

तिनं गाडी रस्त्याला लावली. आई तिच्याकडे वाकली आणि कुजबुजली, "आधी सांगायचं ना गं, पाहुणे आहेत म्हणून. कोण आहेत? बोलत का नाहीत ते?"

"कसे आहेत दिसायला?"

"असं काय विचारतेस? ऐकतील ना." आईनं शाल सारखी केली. "थकलेत बिचारे. फार लांबून आल्यासारखे दिसतात."

८

घर बारा मिनिटांवर होतं. ती घरावरून पुढे गेली.

"अगं, फाटक मागे गेलं."

"हो."

डावीकडे, डावीकडे, पुन्हा डावीकडे. चौक, औषधाचं दुकान, शाळेची भिंत, पुन्हा फाटक. पुन्हा पुढे. संध्याकाळचा पिवळा उजेड होता, मुलं सायकली चालवत होती, सगळं इतकं नेहमीसारखं होतं की तिला ओरडावंसं वाटत होतं. दलालाला फोन करावा? काय सांगणार? अहवाल खरा होता. बाईसाहेबांची गाडी रिकामी होती. तिच्या सहीखाली एकही खोटं अक्षर नव्हतं.

मामांना फोन लावला. दवाखान्यातल्या बाईनं उचलला. ते झोपलेत, उठवू नका म्हणालेत डॉक्टर.

"किती फिरवणार आहेस?" चौथ्या फेरीला आई म्हणाली. "अवघडले असतील ते. तुला कशाचं काही नाही. माणूस आपल्याकडे आलाय, त्याला असं रस्त्यावर फिरवतात का?"

"आई, तू काही बोलू नकोस. घरी गेल्यावर काही बोलू नकोस. नुसतं उतर. तुझ्या पाया पडते."

"काय बोलू नको? घरी आलेल्याशी बोलू नको? हे शिकवलं कॉलेजनं?"

पाचव्या फेरीला फाटकासमोर शेजाऱ्यांची गाडी आडवी लागली होती. मागून हॉर्न. पुढे जाता येईना, मागे जाता येईना. रखवालदारानं ओळखून फाटक उघडलं आणि हातानं आत बोलावलं. तिला आत घ्यावीच लागली. ती जिन्यासमोर थांबली, इंजिन सुरू ठेवलं, दारांची कुलपं दाबून धरली.

"आलं," ती म्हणाली. जेवढ्या मोठ्यानं म्हणता येईल तेवढ्या मोठ्यानं. "आई, आलं. आलं. चल."

आईनं आपल्या बाजूचं कुलूप वर केलं, पट्टा सोडला, पाय खाली टाकला. मग मागे वळून, आल्यागेल्याशी बोलताना चढतो तो गोड आवाज लावून म्हणाली,

"चला, उतरा. घर आलं आपलं."

मागचा डावा कोपरा किंचित दबला. उठायला माणूस आधी खाली जोर देतो. मग गाडी हळूहळू वर आली. तिनं डोळे मिटून मोजलं, मामा थांबायचे तेवढं. पाय खाली टाकायला. कपडे सारखे करायला. बाजूला व्हायला. दार लागल्याचा आवाज आला, अगदी हलका, 'ठप्'.

जिन्यात दिवा लागला. आईच्या चपला वर चढत होत्या, थांबत थांबत, कोणालातरी सोबत घेऊन चढावं तशा.

"सांभाळून हं," आईचा आवाज आला. "पहिली पायरी जरा उंच आहे."